केक कुणीच आणला नाही

१

डबी रिकामी होती.

सोमवारी सकाळी टाबेआ क्नेश्के ती डबी तळहातावर घेऊन माझ्या दारात उभी राहिली. चेहरा पांढराफटक, ओठ घट्ट मिटलेले.

"पेशेलबाई, माझी चिप गेली. शुक्रवारी मीच बंद करून ठेवली होती."

"गेली म्हणजे? पाय फुटले तिला?"

"आणि माझे गाईड ब्रोशसर म्हणतात, ती कधी चाललीच नव्हती. मी आकडे घरी बसून बनवले म्हणे."

हे ऐकलं आणि माझं टाळकं सणकलं. मी हायडेरोझ पेशेल. जन्म जर्मनीतल्या येनाचा, आणि उभं आयुष्य भट्टीतून स्फटिक ओढण्यात गेलं. निवृत्त झाले तशी विद्यापीठानं मला एक खोली दिली आणि दारावर पाटी ठोकली. पाटीवरचं नाव लांबलचक आहे. अर्थ एवढाच, की संशोधनात कुणी लबाडी केली किंवा कुणावर लबाडीचा आळ आला, तर पेशेलबाईकडे जायचं. फारसं कुणी येत नाही. माझी कॉफी वाईट असते असं म्हणतात.

"बस. चिप काय करायची ते मला माहीत आहे, पण तुझ्या तोंडून सांग."

सांगता सांगता पोरीच्या गालावर रंग आला. नखाएवढा लिथियम नायोबेटचा तुकडा, तांब्याच्या साध्या बैठकीवर बसवलेला. स्फटिक मोठा लहरी; एका रंगाचा प्रकाश आत घाला, दुसऱ्याच रंगाचा बाहेर काढतो. टाबेआनं त्याच्या पाठीवर प्रकाशासाठी वाटा कोरल्या होत्या, केस उभा शंभरदा चिरावा एवढ्या अरुंद. डोळ्याला न दिसणारा लेझर एका टोकानं आत जायचा आणि दुसऱ्या टोकानं हिरवागार प्रकाश बाहेर पडायचा. वाटेच्या भिंती जरा खडबडीत राहिल्या की प्रकाश वाटेतच सांडतो. हिच्या भिंती इतक्या गुळगुळीत उतरल्या होत्या की आकडा कुणाला खराच वाटेना. म्हणून बाहेरून येणाऱ्या परीक्षकबाईंनी कळवलं होतं, की येत्या शुक्रवारी तोंडी परीक्षेला येते, पण मला कागद नको, प्रकाश दाखवा.

"दुसरी चिप?"

"तशी एकच उतरली. पुन्हा करायची तर महिने लागतील." तिनं डबी मिटली. "सर म्हणाले, शुक्रवारी प्रकाश दिसला नाही तर ते स्वतः माझ्याविरुद्ध तक्रार करणार."

म्हणजे पीएचडीची डॉक्टरकी तर जाणारच होती. पण त्याहून वाईट, एकदा 'आकडे बनवणारी' असं नाव पडलं की जगातल्या कुठल्याही लॅबचं दार उघडत नाही. चार वर्षं राबलेल्या पोरीला एका रिकाम्या डबीसाठी कायमचं बाहेर काढायला निघाले होते. मी कोट चढवला.

२

हेनिंग ब्रोशला मी तो विद्यार्थी असल्यापासून ओळखते. तेव्हाही हातात खडू असला की खूश, चिमटा दिला की घाबराघुबरा. आता तो मोठा प्रोफेसर आहे. स्फटिकांवरचं त्याचं जाडजूड पुस्तक सगळीकडे शिकवतात.

"ये हायडेरोझ. वाईट प्रकरण आहे," तो म्हणाला. "मुलगी हुशार आहे. पण हुशार माणसंच घाई करतात."

"तुझ्या डोळ्यांनी तिचा हिरवा प्रकाश पाहिला होतास ना रे?"

"हिरवा प्रकाश पाहिला. किती होता ते तिनंच मोजलं. मी काय प्रत्येकाच्या मागे उभा राहू?"

"तिच्या लेखावर तुझं नाव आहे. तेव्हा नाही शंका आली?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. त्याच्या टेबलावर एक नवी पितळी बैठक होती. वर भिंग, खाली काळं मखमल, पाहुण्यांना काहीतरी मिरवून दाखवायला केलेली. मधली जागा मात्र रिकामी होती. मी सहज ती उचलली, तर अंगठ्याला तपकिरी राळ लागली. चिप बैठकीवर बसवायला आमच्याकडे वापरतात तीच राळ, गरम केली की पातळ होणारी.

"हे कशासाठी?"

"काही नाही. ठेव ते." त्यानं बैठक माझ्या हातातून घेतली. "तुला चोरच शोधायचा असेल तर माल्टेला विचार. टाबेआचा आकडा अशक्य आहे असं त्यानं भरसभेत सांगितलं होतं. चिप चालली असती तर तो तोंडघशी पडला असता."

"अरे, पोरीला तर म्हणालास चिप चाललीच नव्हती. मग चोरेल कोण ती, आणि कशाला?"

"मी शक्यता सांगतोय, हायडेरोझ. तुझं काम आहे हे."

माझं काम मला शिकवू नकोस, असं मी त्याला सांगितलं आणि दार जरा जोरातच लावलं.

३

माल्टे ओल्सेन टाबेआच्याच लॅबमधला, मूळचा समुद्राकडचा, कीलचा. उंचच उंच, आणि बोलायला लागला की थांबत नाही. मंगळवारी कॉफीच्या खोलीत मला बघितलं तसा आपणहून म्हणाला, "या पेशेलबाई. मलाच पकडायला आलात ना?"

"तू घेतलीस?"

"घेतली असती तर मोजून बघायला घेतली असती! आकडा अशक्य आहे असं मी म्हणालो होतो, खरंय. मग टाबेआनं मला लेझरसमोर बसवलं. मी तीनदा मोजलं. झालं, माझं तोंड बंद. हे मी सरांनाही सांगितलं."

"सरांना सांगितलंस?"

"मग! तेव्हा ते म्हणाले, उत्तम."

मी कपात चमचा ढवळत राहिले. म्हणजे हेनिंगला ठाऊक होतं. ठाऊक असून तो पोरीला खोटारडी म्हणत होता.

"तू पूर्वी सिलिकॉनवर काम करायचास ना?"

"तेच तर! पहिल्याच महिन्यात इज्जत गेली माझी." माल्टे हसायला लागला. "चिप बैठकीवरून सोडवायची होती. राळ वितळवायला तापल्या तव्यावर ठेवली. तवा म्हणजे आमची हॉटप्लेट. सिलिकॉनला काही होत नाही हो त्यानं. पण नायोबेट म्हणजे बाईसाहेब! एकदम तापलं की अंगात वीज साठवतात आणि स्वतःलाच फोडून घेतात. टणकन आवाज, आणि चिंधड्या. थंड तव्यावर ठेवायचं, मग हळूहळू आच वाढवायची, हे इथं पोराटोरांनाही माहीत असतं. तेव्हापासून मला सगळे 'थंडतवा' म्हणतात. मी आता इतका जपून आच देतो की लोक कंटाळून घरी जातात."

"आणि फोडलीस त्याचं काय झालं?"

"काय होणार? केक!"

हा या लॅबचा जुना कायदा. ज्याच्या हातून काही मोडलं त्यानं दुसऱ्या दिवशी परातभर केक आणायचा, सगळ्यांसमोर उभं राहायचं, काय मोडलं ते आपल्या तोंडानं सांगायचं, आणि मगच केकला सुरी लावायची. त्यावर कुणी ओरडत नाही, पुन्हा विषय काढत नाही. लाखमोलाची यंत्रं मोडली तरी प्लमच्या केकवर भागतं. म्हणूनच इथं कुणी काही लपवत नाही.

"या सोमवारी केक होता?"

"छे. सगळ्यांनी नुसती कॉफी ढोसली." माल्टेनं खांदे उडवले. "शनिवारी सर पाहुण्यांना घेऊन आले होते, मंत्रालयातले. मोठा गाजावाजा, हिरवा प्रकाश प्रत्यक्ष दाखवणार म्हणून. शेवटी व्हिडिओच दाखवला म्हणे. लेझर रुसला, असं सांगितलं. सोमवारी सकाळी मी लावला तर लेझर ठणठणीत!"

कॉफी संपली होती, तरी मी कप तोंडाला लावला. मला विचार करायला वेळ हवा होता.

४

उरली रोन्या. टाबेआची जिवाभावाची मैत्रीण, शेजारच्याच टेबलावर बसणारी. मी तिच्या खोलीत गेले तर तिनं झटकन कपाटाचं दार लावलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिली. हातांना गोंद, केसात पुठ्ठ्याचा कपटा.

"काय आहे आत?"

"काही नाही."

"काही नाही म्हणून तू घामाघूम झालीस?"

"पेशेलबाई, दुसरं काहीही विचारा. कपाट नको. टाबेआला कळलं तर सगळं मुसळ केरात."

झालं. मैत्रिणीनंच केलं की काय हे? "रोन्या, तुझ्या मैत्रिणीचं नाव मातीत चाललंय. उघड ते कपाट. आत्ता."

तिचे डोळे भरून आले. तिनं किल्ली फिरवली.

आत टोपी होती.

हात्तिच्या! मला हसावं की रडावं कळेना. आमच्याकडे डॉक्टरकी मिळाली की दोस्तमंडळी स्वतःच्या हातानं पुठ्ठ्याची टोपी करतात आणि त्या माणसाच्या डोक्यावर चढवतात. चार वर्षांतल्या सगळ्या फजित्या टोपीवर चिकटवलेल्या असतात. आणि परीक्षा होईपर्यंत ती त्या माणसानं बघायची नाही, म्हणजे नाहीच. रोन्याच्या टोपीवर टाबेआची सायकल होती, तिच्या गावाकडच्या काकडीच्या लोणच्याची इवलीशी बरणी होती, आणि कडेनं सगळीकडून चकचकणारी नक्षी होती.

"ही झालर कशाची?"

"मोडक्या चिपांची. नायोबेटचा तुकडा आम्ही फेकत नाही. बिस्किटाच्या डब्यात टाकतो, पुढच्या टोपीसाठी. सोमवारी आल्या आल्या मी तो डबा इकडे आणला. टाबेआनं सगळी लॅब पालथी घातली, पण डब्याला हात लावला नाही. परीक्षेआधी लावायचाच नसतो ना."

मी पिशवीतून भिंग काढलं आणि झालरीवरून फिरवत गेले. इथं चिप करणारा प्रत्येकजण कोपऱ्यात एखादं बारीकसं चित्र कोरून ठेवतो, सही म्हणून. टाबेआचं बदक सगळ्यांना माहीत होतं. आणि टोपीच्या पुढच्या बाजूला, सगळ्यांत लांब आणि सुंदर तुकड्याशेजारी, एका तुकड्यावर मला बदक दिसलं. त्याला मुंडकं नव्हतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! रोन्यानं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! मी तिचीच चिप तिच्या टोपीला चिकटवली?"

"गप्प बस, आणि मला तो तुकडा सोडवून दे. खालची बाजू बघायची आहे."

५

बुधवारी कॉफीच्या वेळी मी सगळ्यांना बोलावलं. हेनिंगलाही. तो दारातच उभा राहिला. कोणत्या खुर्चीवर बसायचं ते त्याला कळेना, कारण तो या खोलीत कधी येतच नाही. टाबेआ कोपऱ्यात, माल्टे आणि रोन्या तिच्या दोन बाजूंना.

"चिप सापडली आहे," मी म्हटलं. "तुकड्यातुकड्यांत. टोपीवर."

टाबेआनं डोळे मिटले. हेनिंग पटकन म्हणाला, "बघितलंत? हिनंच फोडली. परीक्षेत उघडी पडू नये म्हणून."

"थांब जरा. तुकड्यांखाली राळ आहे. पडून फुटली असती तर राळही स्फटिकाबरोबर कचकन तुटली असती, धार ठेवून. ही राळ चिरांमध्ये वर चढली आहे आणि कडेला गोल झाली आहे. म्हणजे फुटली तेव्हा राळ पातळ होती. कुणीतरी तिला तापल्या तव्यावर एकदम ठेवलं."

"तापला तवा?" हेनिंग वळला. "मग सरळ आहे की! माल्टे. सिलिकॉनवाल्या माणसाशिवाय ही चूक कोण करणार?"

मग रोन्याला हसू फुटलं, आणि तिच्यामागे सगळ्यांना.

"काय झालं?" हेनिंग गोंधळला.

"हेनिंग," मी म्हटलं, "माल्टेला सगळे काय म्हणतात ते या खोलीत एकट्या तुला माहीत नाही. ही चूक तो एकदा करून बसलाय, परातभर केक खाऊ घालून. आता त्याच्याइतकी हळू आच कुणी देत नाही. टाबेआ आणि रोन्या तर पहिल्या वर्षापासून हेच काम करतायत. आणि यांच्यापैकी कुणाच्या हातून चिप फुटली असती तर सोमवारी इथं केक असता. केक का नव्हता? कारण फोडणाऱ्याला आपल्याला केक आणावा लागत नाही असं वाटतं. असा माणूस इथं एकच आहे."

"तू शुद्धीवर आहेस का? त्या स्फटिकाच्या विजेवर मी अख्खं प्रकरण लिहिलंय!"

"लिहिलंयस. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! शेवटचा तवा कधी पेटवला होतास ते सांग."

त्याची पितळी बैठक मी सकाळीच त्याच्या टेबलावरून उचलून आणली होती. ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि त्याचा पडदा सुरू केला. पडद्यावर तपकिरी राळ पसरली. मी बैठक हळूच सरकवत गेले. राळेत रुतलेला, मिठाच्या कणाएवढा एक कण आला. त्यावर एक चोच होती आणि एक डोळा होता.

"माझं बदक," टाबेआ म्हणाली.

"शनिवारी पाहुण्यांसमोर तुला रुबाब करायचा होता," मी हेनिंगला म्हटलं. "तिची तांब्याची बैठक तुला साधी वाटली. पितळी बैठकीत चिप चढवायची म्हणून दोन्ही शेजारी शेजारी तापल्या तव्यावर ठेवल्यास. टणकन आवाज झाला आणि हा कण उडून तुझ्या पातळ राळेत पडला, तो तुला दिसलाही नाही. तांब्याची बैठक धुऊन बाकीच्यांत मिसळलीस, तुकडे मोडक्यांच्या डब्यात टाकलेस आणि पाहुण्यांना व्हिडिओ दाखवलास. तो डबा कशासाठी असतो हे तुला माहीत असतं, तर टाकले नसतेस."

हेनिंग खुर्चीवर बसला. "मी काय करायला हवं होतं? मंत्रालयाचे लोक होते. मीच फोडली म्हटलं असतं तर संस्थेची काय अब्रू राहिली असती?"

आता मात्र माझा तोल गेला. "संस्थेची अब्रू? अरे, चिप मोडणं हे पाप नाही! या खोलीत बसलेल्या प्रत्येकानं मोडली आहे. मीसुद्धा भट्ट्याच्या भट्ट्या घालवल्यात. पण स्वतःची एक चूक झाकायला तू या पोरीची चार वर्षं खोटी ठरवायला निघालास? माल्टेनं मोजून सांगितलं होतं तुला! तुला ठाऊक होतं, हेनिंग. लाज नाही वाटली?"

पण बाकीच्यांचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. टाबेआ उठून टोपीजवळ गेली होती.

"अगं, बघू नकोस!" रोन्या ओरडली. "अपशकुन असतो."

"याहून मोठा अपशकुन कुठला आणणार आहेस?" टाबेआनं भिंग उचललं. तिनं पुढचा तो लांब तुकडा निरखला, एकदा या टोकानं, एकदा त्या टोकानं. "पेशेलबाई, यातली एक वाट अखंड आहे. लांबी निम्म्याहून कमी उरली आहे, पण मधे कुठं तुटलेली नाही. टोकं घासून नीट केली तर..."

"तर?"

"लांबी कमी झाली की प्रकाश किती कमी व्हायला हवा, ते आधीच सांगता येतं. तेवढाच निघाला तर माझा आकडा खरा." तिनं माल्टेकडे पाहिलं. "गोंद सोडवायचा आहे. तवा लाव."

"थंड," माल्टे म्हणाला, आणि बाह्या सरसावल्या.

६

शुक्रवारी परीक्षकबाई आल्या. वयानं माझ्याएवढ्या, आणि माझ्याहून खडूस. टाबेआनं फळ्यावर आधी आकडा लिहिला, एवढ्या लांबीला एवढा प्रकाश. मग लेझर लावला. त्या ओबडधोबड तुकड्याच्या पोटात एक हिरवी रेघ पेटली. परीक्षकबाईंनी स्वतः मोजलं, चष्मा पुसला, पुन्हा मोजलं. मग टाबेआचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "माझी शंका मी मागे घेते, फ्राउ डॉक्टर."

आम्ही तिच्या डोक्यावर टोपी चढवली. टोपीवर पुढची जागा रिकामी होती. तुकडा अजून लेझरसमोर होता.

तेवढ्यात हेनिंग आला. हातात केकची परात. त्याच्या चौकशीची फाईल मी आधीच वर पाठवली होती. तिचं काय व्हायचं ते होईल, ते माझ्या हातात नाही. पण केक आणायला मी त्याला सांगितलं नव्हतं. तो आपला आला, परात टेबलावर ठेवली आणि सगळ्यांसमोर उभा राहिला. केक बाहेरून आणलेला, प्लमचा, वर भरपूर साखर पेरलेली.

"मी चिप मोडली," तो म्हणाला, आणि सुरीकडे हात नेला.

टाबेआनं परात आपल्याकडे ओढली. टोपीखाली तिचा चेहरा लाल झाला होता.

"चिपेचं मला काही नाही वाटलं, सर. चिपा मोडतात. दुसरं काय मोडायला निघाला होतात ते सांगा. मग कापू."

हेनिंगनं माझ्याकडे पाहिलं. मी कॉफी ओतत होते, मान वर केली नाही. त्यानं घसा खाकरला, एकदा सुरू केलं, अडला. मग खाली बघत म्हणाला, "तुझं नाव."

"मोठ्यानं."

"टाबेआ क्नेश्केचं नाव. ती खरं बोलत होती, आणि मला ते माहीत होतं."

टाबेआनं सुरी उचलली आणि केक कापला. सगळ्यांना वाढला, परीक्षकबाईंना कडेचा मोठा तुकडा दिला, माल्टेला दोन दिले. हेनिंगची बशी तिनं त्याच्यापुढे सरकवली. त्यानं ती घेतली आणि केक उभ्यानंच खाल्ला.